झाकणाच्या आतली खूण

शेवड्यांचं नाव निघालं की कसब्यातली जुनी माणसं अजून म्हणतात, "हात फार चांगला होता हो त्यांचा, पण..." आणि तिथं थांबतात. सभ्य माणसं आहेत, गेलेल्या माणसाबद्दल पुढचं बोलत नाहीत. त्या थांबण्यात जे असतं ते मी तिथं ठेवलेलं आहे. शेवडे जाऊन बरीच वर्षं झाली. मी ऐंशी ओलांडली. ते तिथून काढायला हवं, आणि काढणारा माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही.

माझं घड्याळांचं दुकान होतं. मोठ्या रस्त्यावर, काचेच्या दाराचं, आत गारवा. परदेशी, भारी घड्याळं ठेवणारी दुकानं तेव्हा पुण्यात फार नव्हती. विक्री माझी, दुरुस्ती शेवड्यांची. माझ्याकडे आलेलं प्रत्येक बिघडलेलं घड्याळ पाकिटात घालून त्यांच्याकडे जायचं. त्यांचं दुकान कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि गिऱ्हाइकाला उभं राहण्यापुरती फरशी. पंखा नव्हता. एप्रिल महिन्यातही नव्हता, कारण वाऱ्यानं एखादा स्क्रू उडाला तर तो शोधायला आयुष्य पुरत नाही असं ते म्हणायचे. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, घाम कपाळावरून भुवईत, आणि भुवईखाली डोळ्यात घट्ट बसवलेलं भिंग.

घड्याळ हातात आलं की ते आधी बघायचे नाहीत. कानामागच्या हाडाला लावायचे. शेजारी तांब्याच्या हंड्यांवर दिवसभर हातोड्या पडत. एवढ्या ठोकाठोकीत तुम्हाला ऐकू कसं येतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ते त्यांचं ठोकतात, मी माझं ऐकतो."

पाटी एकच होती, स्वतःच्या अक्षरात: 'येथे घड्याळ चकचकीत करून मिळणार नाही.' लोकांना हा पुणेरी खवचटपणा वाटायचा. तो नव्हता. पॉलिशचा प्रत्येक हात धातूचा केसभर थर घेऊन जातो, मग कडा गोल होतात, आणि एकदा कडा गेल्या की घड्याळाची झिजलेली साबणाची वडी होते, हे त्यांनी मला अनेकदा ऐकवलं होतं. मी मात्र माझ्या दुकानात हौसेनं पॉलिश करून द्यायचो. गिऱ्हाईक खूश व्हायचं. पुढे तेच घड्याळ विकायला निघालं की जाणकार माणूस ते उजेडात तिरकं धरायचा आणि परत करायचा.

त्यांच्या आणखी दोन सवयी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

पहिली, ते न पाहिलेलं बोलत नसत. दुरुस्त केलेलं घड्याळ किती दिवस चालेल असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "आज चालतंय. उद्याचं मी पाहिलेलं नाही." एखाद्यानं दुसऱ्या कारागिरानं बिघडवलं अशी तक्रार केली तर, "बिघडलेलं दिसतंय. कुणी बिघडवलं ते दिसत नाही." माणसं चिडायची. वकिलांना ते आवडत, बाकीच्यांना नाही.

दुसरी, ज्या घड्याळाचं मागचं झाकण त्यांनी उघडलं, त्याच्या आतल्या अंगाला ते सुईनं खूण करायचे. 'शे' आणि खाली महिना-वर्ष. भिंगाशिवाय दिसणार नाही इतकं बारीक. जुने कारागीर तसं करतात, पण बरेचजण फक्त चांगल्या कामावर करतात. शेवडे दोन रुपयांचं काम असलं तरी करायचे. "झाकण उघडलं म्हणजे जबाबदारी घेतली," म्हणायचे. शिवाय एक वही होती. त्यात घड्याळाचा नंबर, डायल कसं आहे, काटे कोणते, मशीनवर काय लिहिलंय, आत गेलो तेव्हा काय होतं आणि बाहेर आलो तेव्हा काय होतं.

आणि एक गंमत. तुमचं घड्याळ तुम्ही पाच मिनिटं पुढे ठेवत असाल तर दुरुस्तीहून ते पाच मिनिटं पुढेच यायचं. "माणसाची सवय मी दुरुस्त करत नाही."

भारी घड्याळाची किंमत ते विकायला गेलं की का पडते, हे माझ्यासारख्या विकणाऱ्याला शेवड्यांनी शिकवलं, आणि ते ऐकायला मला कधीच बरं वाटलं नाही. "लेले, तुमच्या दुकानाची पायरी उतरली की निम्मी किंमत पायरीवरच राहते," असं ते भिंग न काढता म्हणायचे. कारखाना दर वर्षी नवा नमुना काढतो, मग कालचा कुणाला हवा? ज्याच्या जाहिराती फार ते सगळ्यांकडे, आणि जे सगळ्यांकडे ते जुनं कोण घेणार? थोडीच बनलेली, लोक ज्यांच्या मागे आहेत अशी काही घड्याळं असतात, ती चढतात. त्यांनाही अट एकच, मूळचं मूळ राहिलं पाहिजे. "घड्याळाला माणसाचा जितका हात लागेल तितकं ते उतरतं. माझासुद्धा."

एकदा मी तिथं उभा असताना एका मोठ्या कारखान्यातले निवृत्त अधिकारी सोन्याचं घड्याळ घेऊन आले. निरोपसमारंभात मिळालेलं. मागे सोनारानं कोरलेलं त्यांचं पूर्ण नाव, हुद्दा, आणि 'प्रदीर्घ व निष्ठावंत सेवेबद्दल'. विकलं तर काय येईल, हा प्रश्न. शेवड्यांनी ते हळूच उलटं ठेवलं.

"सोन्याचे येतील. घड्याळाचे नाहीत."

"अहो, पण अस्सल स्विस आहे."

"आहे ना. पण घेणाऱ्याच्या मनगटावर तुमची निष्ठावंत सेवा. तो घरी काय सांगेल?"

अधिकारी हसले नाहीत. त्यांनी घड्याळ खिशात घातलं, आणि जाताना दारातून वळून म्हणाले की ते नाव त्यांच्या बायकोनं कोरायला सांगितलं होतं. शेवड्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे मला आधी विचारायला हवं होतं." त्यानंतर घड्याळ हातात घेताना ते आधी 'कुणाचं?' असं विचारायला लागले. कंपनी नंतर.

खंडूशेठ वाघोलीचे. जमिनीचे पैसे आले होते, आणि माझ्याकडून त्यांनी दुकानातलं सर्वांत भारी घड्याळ घेतलं. त्यांना ते फार साधं वाटत होतं. मीच त्यांना सोनार सुचवला, त्यानं काचेभोवती दोन ओळी हिरे बसवून दिले. तीन वर्षांनी त्यांना ते विकायचं होतं. मुंबईचे दलाल हात लावेनात. मी त्यांना शेवड्यांकडे नेलं, कारण ते तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती.

खंडूशेठ म्हणाले, "घड्याळ खरं हाय, हिरं खरं हायत, मंग किंमत का न्हाई?"

"दोन्ही खरं आहे. दोन्ही मिळून खोटं झालंय," शेवडे म्हणाले. "कारखान्यानं न बसवलेला हिरा म्हणजे कडेला पाडलेलं भोक. आत दगड असला तरी भोकच."

खंडूशेठनी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. मग विचारलं, दुसरं कुणी फसू नये म्हणून, हे करायला कुणी सांगितलं त्याचं नाव इथं पाटीवर का लावत नाही? शेवड्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कुणी सांगितलं ते मी पाहिलेलं नाही." खंडूशेठनी हिरे काढायला घड्याळ त्यांच्याकडे महिनाभर ठेवलं. परत घेताना शेवड्यांनी प्रत्येक हिरा चिमट्यानं काळ्या कापडावर मांडून दाखवला.

आता कानिटकर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बुधवार पेठेत राहणारे, मोजकं आणि धारदार बोलणारे. त्यांच्या वडिलांनी पन्नास सालाच्या सुमारास परदेशातून आणलेलं एक घड्याळ होतं. स्टीलचं, आत दोन छोटी वर्तुळं असलेलं, अजिबात झगमग नाही. काळं डायल उन्हानं तपकिरी झालेलं. ते चालेना म्हणून ते माझ्याकडे घेऊन आले. मी ते नेहमीसारखं शेवड्यांकडे पाठवलं. काम करून त्यांनी पाकीट परत केलं तेव्हा वर चिठ्ठी होती: 'डायलला हात लावू नये.'

त्या वर्षी माझं दुकान बसत चाललं होतं. लोक वेळ मोबाइलवर बघायला लागले होते. विकलेली घड्याळं आम्ही परत घेऊ असं मी मोठ्या तोंडानं सांगत आलो होतो, आणि ती परत येत होती. कपाट पडलेल्या किमतीच्या घड्याळांनी भरलं होतं. त्याच आठवड्यात मुंबईचा एक दलाल दुकानात बसला होता. त्याला मी कानिटकरांचं घड्याळ सहज दाखवलं. तो भिंगातून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, घड्याळ नकोच, फक्त डायल द्या. अशा घड्याळात किंमत सगळी त्या पत्र्याच्या चकतीत असते, हे त्यानं मला सांगितलं नाही. ते मला शेवड्यांमुळे माहीत होतं.

मी दिलं. स्टेशनकडच्या एका माणसाकडून नवं रंगवलेलं डायल बसवून घेतलं. त्यानं झाकण उघडलं, बंद केलं, आत काही खूण केली नाही. असली माणसं करत नाहीत. कानिटकर आले तेव्हा डायल काळंभोर, आकडे पांढरेशुभ्र. त्यांचा चेहरा उजळला. "वडील हातात घालायचे तेव्हा असंच दिसत असणार," ते म्हणाले. मी म्हणालो, शेवड्यांनी साफ केलं.

चार-पाच वर्षं काहीच झालं नाही. मग कानिटकरांची पत्नी अंथरुणाला खिळली. दिवसरात्रीसाठी बाई ठेवायची होती, आणि असल्या जुन्या घड्याळांना आता फार किंमत येते असं त्यांनी कुठंतरी वाचलं. ते मुंबईला गेले. तिथं एका तज्ज्ञानं ते पाहिलं आणि सांगितलं की मूळ डायल असतं तर बाईचा दोन वर्षांचा पगार निघाला असता, या रंगवलेल्यात दोन महिन्यांचाही निघणार नाही. मग झाकण उघडून आतली शेवटची खूण दाखवली. 'शे', खाली महिना, वर्ष.

कानिटकर स्टेशनवरून थेट माझ्या दुकानात आले. घड्याळ काउंटरवर ठेवलं. आवाज चढवला नाही.

"लेले, हे कुणी केलं?"

मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. मिळाला होता. मी भिंग घेतलं, झाकण उघडलं, ती खूण पाहिली, आणि झाकण त्यांच्यापुढे सरकवलं.

"माझ्याकडे कामं होत नाहीत. आत कुणाची खूण आहे ती तुम्हीच बघा."

दुसरं काही बोललो नाही. मी शेवड्यांचं नावसुद्धा घेतलं नाही. त्या माणसाचा प्रामाणिकपणा सुईनं कोरलेला होता, तोच मी त्याच्यावर उलटवला.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. कानिटकर कसब्यात गेले. दुकानापुढे चार माणसं थांबली. शेजारच्या तांबटांनी हातोड्या थांबवल्या, म्हणून सगळं सगळ्यांना ऐकू गेलं. शेवड्यांनी झाकण भिंगाखाली धरलं, डायल पाहिलं, आणि म्हणाले, "खूण माझी आहे. डायल मी पाठवलं ते नाही." मग कुणी बदललं, असं कानिटकरांनी विचारलं. लेल्यांनी का, असंही विचारलं. शेवडे म्हणाले, "मी पाहिलेलं नाही."

एवढंच. दुसरा कुणीही असता तर शपथेवर माझं नाव सांगितलं असतं. कानिटकर म्हणाले, "वा. चोर सापडतो पण चोरी दिसत नाही." ते वाक्य आठवड्याभरात सगळ्या पेठांत गेलं.

त्यानंतरच्या सोमवारी शेवडे माझ्या दुकानात आले. माझ्याकडे इतक्या वर्षांत ते कधी आले नव्हते. काचेच्या दाराबाहेर चपला काढायच्या की नाही ते त्यांना कळेना, मग काढल्या. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत कोपऱ्यात उभे राहिले. मग पिशवीतून वही काढून काउंटरवर उघडली. कानिटकरांच्या घड्याळाची नोंद होती. नंबर, मशीन, आणि पुढे: 'डायल मूळचे. चार व सात यांच्यामध्ये तपकिरी डाग, भाताच्या शिताएवढा. तसाच ठेवून परत.'

मी वाचलं. ते म्हणाले, "मी दाखवली तर म्हणतील मागाहून लिहिलं. तुमच्या हातून गेली तर मानतील."

मी म्हणालो, बघतो.

"तुमच्याकडे आल्यावर त्याचं काय झालं ते मी पाहिलेलं नाही, लेले. म्हणून मी बोललो नाही. तुम्ही पाहिलंय."

ते चपला घालून गेले. वही मी खणात ठेवली. कानिटकर त्या गुरुवारी दुकानावरून गेले, मला दिसले. मी खण उघडला नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मग बोलायची वेळ निघून गेली असं मी ठरवलं, आणि एकदा ठरवल्यावर ते दर वर्षी जास्त खरं वाटत गेलं.

शेवड्यांना जुनी, चांगली घड्याळं यायची बंद झाली. माझ्याकडूनही गेली नाहीत. त्यांना पाठवलं तर गिऱ्हाईक बिचकेल, असं मी म्हणायचो, आणि ते खरंही होतं. ज्या हातांनी दाढीच्या केसाएवढी स्प्रिंग सरळ केली होती, ते हात भिंतीवरच्या घड्याळांना सेल घालू लागले, पट्टे बदलू लागले. सेल घालायलासुद्धा ते झाकण उघडायचे आणि आत खूण करायचे म्हणे. एकटे खंडूशेठ वाघोलीहून त्यांच्याकडेच यायचे. एकदा माझ्या दुकानात येऊन, काही न घेता, उभ्याउभ्या म्हणाले, "म्हैनाभर माझं हिरं त्याच्याकडं होतं. एक कमी आला न्हाई. लेलेसाहेब, तुमी एवढं वळखता त्यांना, तुमी का बोलत न्हाई?" मी म्हणालो, मी त्या भानगडीत पडत नाही.

कानिटकर गेले, त्यांची पत्नी त्याआधी गेली. ते घड्याळ त्यांनी मिळेल त्या भावाला विकलं होतं. मागच्या वर्षी मी वही घेऊन त्यांच्या मुलाला भेटायला हिंजवडीला गेलो. त्याच्या ऑफिसच्या खाली, काचेच्या इमारतीपुढच्या बाकावर बसून सगळं सांगितलं. भला मुलगा आहे. त्यानं मध्ये फोन घेतला नाही. मी संपवल्यावर त्यानं वहीची दोन पानं उलटली आणि म्हणाला, "इट्स ओके, काका. बाबा गेले आता. तुम्ही टेन्शन घेऊ नका." मग समजून घ्यायचं म्हणून विचारलं, "पण शेवडे म्हणजे कोण?"

वही माझ्याकडेच आहे. म्हणून हे लिहून छापायला देतो आहे. डायल मी काढलं. शेवड्यांनी नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांचं दुकान बंद व्हायच्या सहाएक महिने आधी. माझं स्वतःचं घड्याळ मागे पडत होतं, ते निमित्त करून कसब्यात गेलो. खरं तर सांगायलाच गेलो होतो. ते खूप वाळले होते, बाह्यांची बटणं तशीच मनगटापर्यंत. "कुणाचं?" त्यांनी सवयीनं विचारलं, वर बघितलं, आणि हात पुढे केला. घड्याळ कानामागे लावलं. शेजारी हातोड्या चालू होत्या. मग झाकण उघडलं, आणि तासभर मी त्या फरशीवर उभा राहून त्यांच्या टाळूकडे बघत होतो. तोंडात वाक्य तयार होतं. दर वेळी वाटायचं, हा स्क्रू बसू दे, मग.

त्यांनी झाकण अंगठ्यानं दाबून बसवलं. मी घड्याळ नेहमी सात मिनिटं पुढे ठेवतो, ते त्यांनी सात मिनिटं पुढे लावून माझ्या हातात दिलं. पैसे विचारले तर मान हलवली. मग भिंग कपाळावर सरकवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आत खूण केलेली नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडे राहणाऱ्या घड्याळात आता माझी खूण नको."

मग त्यांनी भिंग परत डोळ्यात बसवलं आणि पुढचं घड्याळ ओढलं. भिंतीवरचं होतं, सेल संपलेला. मी पायरी उतरताना ते सुई शोधत होते.